रुखमाच्या गोळ्या आणि चंद्रभागाबाईंचा सोफा

मुलीच्या औषधाला मदत मिळावी म्हणून मी नागपूरच्या एका धर्मादाय निधीकडे अर्ज केला आणि त्याचा पहिला परिणाम म्हणून आमच्या घरात सोफा आला. साल चौऱ्याऐंशी. मी अड्याळला एका हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवत होतो. हे दोन विषय शिकवणाऱ्या माणसाच्या घरी सोफा नसतो, हे पालकांना ठाऊक असतं. नागपूरच्या लोकांना ते ठाऊक नव्हतं, तिथूनच घोटाळा झाला.

आमची रुखमा तेव्हा पाचवीत होती. दोन माणसांचं जेवण एकटी जेवायची आणि अंगानं पाहाल तर तुराटी. खोकला बारमाही. मुंबईला नेऊन तिचा घाम तपासला तेव्हा कळलं की आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. हे नाव मी बसस्टँडवर एकाला सांगितलं, ते बाजारापर्यंत पोचताना 'शिष्टिक' झालं आणि पाटीलपुऱ्यात पोचलं तेव्हा मास्तरच्या पोरीला शिष्ट रोग झाला, असं लोक म्हणू लागले. काही जणांना ते पटलंही. मास्तरकडूनच आला असेल म्हणे.

या आजारात अन्न पचवणारा रस आतड्यात उतरत नाही आणि छातीत चिकट कफ धरतो, एवढं मला समजलं होतं. डॉक्टरांनी उपाय सांगितले ते दोन. पोरीनं जेवताना दर वेळी त्या रसाऐवजी कॅप्सूल घ्यायची, जास्त जेवली तर आणखी एक. आणि सकाळ-संध्याकाळ तिला पालथं निजवून पाठीवर थापट्या मारायच्या, म्हणजे कफ सुटतो. मी इमानदारीनं थापट्या मारत असे. आवाज रस्त्यापर्यंत जाई. आठवडाभरात हेडमास्तरांनी मला बोलावून 'बालमन' या विषयावर अर्धा तास ऐकवलं. मी खुलासा केला तर म्हणाले, "मारायलाही कारण लागतंच मास्तर, पण कारण सौम्य असावं." इकडे रुखमाला त्या थापट्यांची मजा वाटे. ती पालथ्या पालथ्या महाराष्ट्रातल्या नद्या म्हणायची आणि वैनगंगेचे चार तुकडे होत.

गोळ्यांनी मात्र तिला गुण आला. अंगावर थोडं मांस दिसायला लागलं. पण त्या परदेशातून मुंबईला येत, मुंबईहून नागपूरला, आणि वाटेत प्रत्येक जण त्यांना आपला हात लावून महाग करी. पगार पहिल्या तारखेला हाती यायचा आणि नागपूरच्या औषधाच्या दुकानातून परत निघताना त्यातलं एसटीचं भाडं उरायचं. निर्मलाच्या, म्हणजे आमच्या मंडळीच्या पाटल्या आदल्याच वर्षी त्या दुकानाच्या दिशेनं गेल्या होत्या. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "गोळ्या बंद पडल्या तर पोरगी टिकणार नाही. मास्तर, मागायला लाजू नका." आणि त्यांनी निधीचा पत्ता दिला.

मी लाजलो नाही, उलट जरा जास्तच मोकळा झालो. अर्ज मी माझ्या उत्तम मराठीत लिहिला. 'दैवाच्या प्रतिकूल वाऱ्यात हेलकावणारी माझी जीवननौका' असं त्यात एक वाक्य होतं. पंधरवड्यानं निधीच्या कचेरीतून विचारणा आली, अर्जदाराचा व्यवसाय नावाडी आहे काय. मी दुसरा अर्ज केला. त्यावर विचारणा आली की अर्जदाराचं नाव धनीराम हेच बरोबर आहे काय. आईबापांनी आशेनं ठेवलेलं नाव आहे, असं मी कळवलं.

मग उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी एकोडीच्या आमच्या धानाच्या शेतीचा उतारा लागला. शेती माझ्या आणि धाकट्या भावाच्या नावावर, कसतो तो, खातोही तोच. त्याची चार पोरं आहेत, मी कधी काही मागितलं नाही. उतारा कशाला पाहिजे हे मी त्याला सांगितलं आणि इश्वरचं तोंड पडलं. "दादा, आपल्या घरानं आजवर कोनापुढं हात नाही पसरला," म्हणाला. "मले सांगतलं असतं तं मी काय मेलो होतो?" उतारा त्यानं दिला, पण जेवायला थांब म्हणाला नाही.

शेवटी निधीचं कार्ड आलं. कार्डच होतं, पाकीट नव्हतं, त्यामुळे ते मला मिळण्याआधी गावाला मिळालं. आमच्या शेजारचे आनंदराव पोस्टमास्तर. त्यांनी ते मला घरी आणून दिलं आणि तोंडपाठ म्हणून दाखवलं: 'आमचे प्रतिनिधी येत्या गुरुवारी घरभेटीस येऊन आपली परिस्थिती प्रत्यक्ष पाहतील.'

"मास्तर," आनंदराव म्हणाले, "परिस्थिती पाहाले येऊन राहिले ते. मंग परिस्थिती दिसाले पायजे ना."

"आहे तशी दिसेल."

"आहे तशी दिसून काय उपेग? हे लोखंडी कपाट काय म्हनते? भिंतीवरचं घड्याळ काय म्हनते? हे सारं माह्या घरी ठेवा दोन दिवस. अन् तुमी फाटकी बनियन घाला."

मला हे नीतीच्या दृष्टीनं पटलं नाही, व्यवहाराच्या दृष्टीनं पटलं. बुधवारी ठरलं की गुरुवारी सकाळी कपाट हलवायचं. निर्मलाला मी बोललो नाही. तिनं मला विरोध केला असता.

तिनंही मला काही सांगितलं नव्हतं. तिच्या मनात एवढंच होतं की नागपूरचा माणूस घरी येणार. समोर राहणाऱ्या चंद्रभागाबाईंना तिनं विचारलं होतं आणि चंद्रभागाबाई म्हणजे 'नाही' हा शब्द न शिकलेली बाई. त्यांचा मुलगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत. त्यानं आईला नवा सोफा घेऊन दिला होता, पाठीला लाकडी मोर असलेला. त्या स्वतः त्यावर बसत नसत, मळेल म्हणून.

गुरुवारी सकाळी मी आणि आनंदराव कपाट घेऊन मागच्या दारानं बाहेर पडलो आणि वळसा घालून पुढं आलो, तर आमच्या पुढच्या दारात सोफा अडकला होता. एक टोक निर्मलाकडं, दुसरं चंद्रभागाबाईंकडं, मोर चौकटीला घासत होता.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो.

"तुमी कपाट घेऊन कुठं चालले?" निर्मला म्हणाली.

मी कपाट खाली ठेवलं. "अवं, परिस्थिती पाहायला येणार आहेत ते. सोफा पाहून काय म्हणतील?"

"अन् सतरंजीवर बसवून काय म्हनतील? मास्तराच्या घरी बसाले जागा नाही म्हनतील. मले नाही चालत ते." तिनं आवाज खाली आणला. "पोरीसाठी मागून राहिलो, आपन काही भिकारी नाही."

तेवढ्यात रस्त्यानं एक पांढऱ्या टोपीचे, काखेत छत्री धरलेले वयस्क गृहस्थ येऊन थांबले. आनंदराव त्यांना म्हणाले, "काका, जरा हात लावा ना जी." गृहस्थांनी छत्री भिंतीला टेकवली, धोतर खोचलं, सोफा कसा तिरका धरायचा ते आम्हाला शिकवलं आणि एका दमात तो आत नेऊन ठेवला. मग घाम पुसत त्यावरच बसले आणि म्हणाले, "मी केशवराव. निधीकडून आलो. धनीराम मास्तर कोण?"

फाटकी बनियन माझ्या अंगात होती, पण दारात कपाट, घरात सोफा, त्यामुळे ते मला हमाल समजले असावेत. मी आत जाऊन शर्ट घालून आलो आणि नमस्कार केला. निर्मलानं सोनेरी काठाच्या कपात चहा आणला. कपही चंद्रभागाबाईंचे. चंद्रभागाबाई दारात उभ्या राहून सोफ्याकडं काळजीनं पाहत होत्या.

केशवराव माणूस सज्जन. बाकी काही न विचारता म्हणाले, "मग मास्तर, कसं काय चाललंय?"

त्या क्षणासाठी मी आठ दिवस मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती. पण घरी आलेल्या माणसानं कसं चाललंय विचारलं की माझ्या तोंडून जन्मभर एकच उत्तर निघत आलंय, तेच निघालं. "तुमच्या कृपेनं सगळं ठीक आहे," मी म्हणालो.

"वा," केशवराव म्हणाले.

मी ते वाक्य कसं मागं घ्यावं या विचारात होतो, तेवढ्यात बाहेर हातगाडी थांबली. तिच्यावर तांदळाची दोन पोती, तुपाचा डबा, आणि बाजूला इश्वर. एसटीच्या टपावर पोती टाकून तो एकोडीहून आला होता. मला त्याचं मन कळलं, पण वेळ फार वाईट होती.

"दादा, घे," इश्वर आत येत म्हणाला. सोफ्यावरच्या पाहुण्याला त्यानं रामराम केला. "आमच्या घरी काई कमी नाही जी. शेती हाय, भाऊ हाय. पोरीले तूप-भात कमी नाही पडू देनार मी."

शाळेतून रुखमा जेवायला आली. इश्वरनं स्वतः तिच्या ताटात तूप वाढलं. डॉक्टरांनीच तूप खा म्हणून सांगितलेलं, पोरीनं मनापासून खाल्लं. केशवरावांनी ते पाहिलं, तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि छत्री उचलली. जाताना इश्वरला म्हणाले, "चांगलं घराणं आहे तुमचं." इश्वर खूश झाला.

दुसरं कार्ड आलं. आनंदरावांनी ते मला देताना टोपी काढली. 'कुटुंब सुस्थितीत असल्याने मदत मंजूर करता येत नाही.'

झालं, कार्ड असल्यामुळे मी सुस्थितीत आहे हे गावाला छापील कळलं. किराणा दुकानदार उधारीचा तगादा जरा मोठ्यानं करू लागला. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, नाटक बसवणारी मंडळी वर्गणीला आली. एरवी ती माझ्या दारावरून पुढं जात. "मास्तर, आता तुमाले मागाले हरकत नाही," असं म्हणाली. आणि मी, देवाशपथ, पैसे दिले. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ते सोफ्यावर बसले होते.

सोफा अजून आमच्याकडंच होता, कारण तो परत निघेना. केशवरावांनी तो कसा तिरका धरला होता हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. चौकट काढायला घरमालक तयार नव्हता. चंद्रभागाबाई रोज दुपारी येत आणि आपल्या सोफ्याजवळ खाली बसून जात.

या सगळ्या गमतीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं होती आणि मला दिसली नाही. निर्मला एक दिवस म्हणाली, "गोळ्या बऱ्याच पुरून राहिल्या यावेळी." मी म्हणालो, "बरं झालं, गुण येतोय." रुखमा आता दुपारी जेवायला घरी येत नसे आणि संध्याकाळी म्हणे, मले भूक नाही, शाळेत चंदाचा डबा खाल्ला. पोरीला मैत्रीण मिळाली म्हणून आम्हाला बरंच वाटलं.

मग एका दिवशी भूगोलाच्या तासाला तिनं बाकावर डोकं ठेवलं. तिच्याच वर्गावर माझा तास होता. मी जवळ गेलो, कपाळाला हात लावला, ताप नव्हता. मधल्या सुट्टीत तिला झाडाखाली घेऊन बसलो आणि विचारलं, "चंदा डब्यात काय आणते गं?"

"चंदा डबा आनत नाही बाबा," ती म्हणाली. "ती घरी जाते."

"मग तू काय खातेस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू सोपी बेरीज मला येत नव्हती. "जेवलं नाही तं गोळी लागत नाही ना. मंग बाटली पुरते."

किती दिवसांपासून, विचारलं तर म्हणाली, दोन महिने झाले. तिनंच माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मले खरंच जास्त भूक नाही लागत आता." आणि शाळेची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी नागपूरला गेलो. यावेळी मनात वाक्यं जुळवली नाहीत. निधीच्या कचेरीत केशवराव टेबलाशी बसून कागदांना छिद्रं पाडत होते. मला पाहून म्हणाले, "या मास्तर. कसं काय चाललंय?"

"चांगलं नाही चाललं," मी म्हणालो. "पोरगी जेवण टाळून राहिली. गोळी वाचावी म्हणून. दोन महिन्यांपासून. माझ्याच घरात, माझ्यासमोर." एवढंच बोललो आणि मग त्या कचेरीत, चार कारकुनांच्या देखत मला रडू आलं. रडताना माझ्या मनात आलं की रुमाल आणायला हवा होता.

केशवरावांनी छिद्रं पाडायचा पंच बाजूला ठेवला. पाणी मागवलं. मी ते पिऊन होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "मास्तर, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"त्या दिवशी तुम्ही पाहुणे होता."

"आणि तो सोफा?"

मी सगळं सांगितलं. कप, मोर, तांदूळ, कपाट. ते हसले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांनी बराच वेळ लावला. नियम असा होता की एकदा अहवाल दिला की दुसरी घरभेट झाल्याशिवाय तो बदलता येत नाही. "रविवारी येतो," म्हणाले. "काही करू नका. आहे तसं राहू द्या."

हे मी घरी येऊन सांगितलं. पण तोवर रुखमाची गोष्ट घरोघर गेली होती आणि लोक गप्प बसायला तयार नव्हते. आनंदराव म्हणाले, पहिल्या वेळी आपलीच चूक झाली, आता कसर ठेवायची नाही. रविवारी सकाळी ते चार माणसं घेऊन आले आणि आमचं घर रिकामं केलं. कपाट गेलं, घड्याळ गेलं, खाट गेली, भांडी गेली, निर्मला बघत राहिली. रॉकेलचा स्टोव्हसुद्धा गेला. चंद्रभागाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून नेलं. राहिला फक्त सोफा, कारण तो दारातून जात नव्हता.

केशवराव आले तेव्हा चार उघड्या भिंतींच्या मध्ये लाकडी मोराचा एक सोफा आणि त्याच्याशेजारी जमिनीवर आम्ही तिघं, असा देखावा होता. ते दारातच थांबले. सगळीकडं पाहिलं.

"मास्तर, हे जरा जास्त झालं," म्हणाले. "आणि हा तर मीच आत आणला होता."

मग त्यांनी समोरच्या ओट्यावर जमलेल्या आनंदराव मंडळींना हाक मारली आणि सामान परत आणायला लावलं. "निदान स्टोव्ह आणा," म्हणाले, "मला इथं जेवायचंय." त्यांनी घरमालकालाही बोलावलं, सोफा पुन्हा तिरका धरून दाखवला आणि तो ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं बाहेर गेला. चंद्रभागाबाईंनी मोरावरून पदर फिरवला.

निर्मलानं भात, तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी केली. केशवराव रुखमाच्या शेजारी सतरंजीवर जेवायला बसले. रुखमानं गोळी घेतली, पहिला भात संपवला आणि बोटं चाटली.

"आणखी घे की," केशवराव म्हणाले.

तिनं आईकडं पाहिलं नाही. कोनाड्यात ठेवलेल्या बाटलीकडं पाहिलं, किती राहिल्या ते पाहिलं, आणि म्हणाली, "नाही, पोट भरलं."

केशवरावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी निर्मलाला म्हटलं, "बाई, तिला वाढा. आणि दुसरी गोळी द्या. त्याची चिंता आता माझी." आणि ताटात मान घालून जेवू लागले. आनंदराव दारात उभे होते, ते घरी गेले.

निधीची मदत पुढच्या महिन्यापासून सुरू झाली. पूर्ण नव्हती, पण इश्वरनं धान विकून उरलेलं भरलं आणि मी त्याला नको म्हणालो नाही. पहिल्या बाटल्या आल्या त्या संध्याकाळी रुखमा जेवायला बसली ती उठेचना. दुसऱ्यांदा भात झाला, तिसऱ्यांदा झाला. निर्मलानं भाताचा गंज, म्हणजे पातेलं, तिरका करून खरवडला आणि माझ्या हातात वाडगा दिला. "चंद्रभागाबाईकडून घेऊन या. त्यांचं आत्ताच झालं असेल."

मी रस्ता ओलांडला. चंद्रभागाबाई दारात आल्या. "काय जी मास्तर, सगळं ठीक आहे ना?"

"भात संपला," मी म्हणालो, "पोरगी अजून भुकेली आहे," आणि वाडगा पुढं केला.